कोरडा दांड

त्या मासोळीला आमच्याकडे स्वतःचं नाव नव्हतं. बोटाच्या दीड पेराएवढी लांबी, डोळ्यापासून शेपटीपर्यंत ओढलेल्या चार-पाच निळ्या रेघा, आणि तळहातावर घेतली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी. बाजारात भोयाच्या टोपलीत ती इतर बारीक मासळीत मिसळून यायची आणि वाट्यावर विकली जायची. कालवणात तिचे काटेसुद्धा लागत नसत. आता तिच्यासाठी परदेशातल्या प्रयोगशाळांत खोल्याच्या खोल्या राखून ठेवतात असं वाचतो. तेव्हा तिला हाताळणारे आमच्या भागात दोघंच, तो भोई आणि मी. त्यातला भोई ती खाण्यासाठी धरायचा.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. तिथल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे पोरांना बेडूक फाडून दाखवणारा. पीएच.डी.साठी नागपूरला नाव नोंदवलं होतं. विषय असा की अंड्यातल्या जिवाच्या अंगात रक्तवाहिन्या कशा तयार होतात. मार्गदर्शकांच्या मनात कोंबडीचं अंडं होतं, कारण त्यांनी स्वतः त्यावरच उमेदीची वर्षं घालवली होती. पण कोंबडीच्या अंड्याला उबवणीचं यंत्र लागतं, यंत्राला वीज लागते, आणि आमच्याकडची वीज पाहुण्यासारखी होती. शिवाय अंडं फोडल्याशिवाय आतलं दिसत नाही. मासोळीचं अंडं काचेसारखं नितळ असतं. आतला जीव दोन दिवसांत डोळ्यांदेखत उभा राहतो आणि आपण काहीही न फोडता बघत बसतो. मी नागपूरला जाऊन हे सांगितलं.

"बाजारात स्वस्त मिळते म्हणून विषय निवडायचा असतो का?" मार्गदर्शकांनी विचारलं.

"नाही सर. अंडं फोडावं लागत नाही म्हणून निवडलाय."

"आणि स्वस्त?"

"ते वरकड."

त्यांना हसू आलं नाही. मार्चमध्ये ते आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून येणार होते. ते म्हणाले, "तोवर मला एक गोष्ट दाखवा, जी कोंबडीच्या अंड्यात अशी जिवंत दिसत नाही. एकच. नाही दाखवता आली तर कोंबडी घ्या. तीही नको असेल तर नोंदणी रद्द करा. माझ्याकडची जागा अडवू नका."

हे शेवटचे चार शब्द मी नागपूर ते अकोला गाडीत आणि अकोला ते वाशीम एस.टी.त चघळत आलो. कोंबडीचं काम मला वाशीमला बसून जमणारं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. म्हणजे मासोळी गेली की सगळंच गेलं. दुसरा कुणी मार्गदर्शक मला घेणार नव्हता. आमच्या वस्तीतून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. डेमॉन्स्ट्रेटर झालो तेव्हाच कित्येकांना वाटलं होतं की याला एवढं पुष्कळ झालं. ते खरं ठरू द्यायचं नव्हतं.

मासोळ्या ठेवायला काचेच्या टाक्या नव्हत्या. किराणा दुकानदाराकडे बिस्किटांच्या मोठ्या रिकाम्या बरण्या होत्या. त्याच्या डाळीला सोंडे लागले होते, त्यावर इलाज सांगायच्या बोलीवर मी बारा बरण्या मागितल्या. तो आठ म्हणाला. दहावर सौदा पटला आणि झाकणं मी फुकटात उचलली. मासोळ्या बरणीत रमल्या, पण अंडी हाती लागेनात. महिनाभराने कळलं की अंडी घातल्या घातल्या त्या स्वतःच ती खाऊन टाकतात. मग तळाला काचेच्या गोट्यांचा थर दिला. अंडी गोट्यांच्या फटीत उतरायची, मासोळीचं तोंड तिथवर पोचायचं नाही. उजाडताना नर मादीच्या मागे लागायचे आणि शाळेची घंटा व्हायच्या आत अंडी तयार असायची. घड्याळ लावल्यासारखं हे काम त्या रोज सकाळी करायच्या. माझ्या ओळखीतला इतका वक्तशीर कुणी नव्हता.

त्या अंड्यात मी जे बघायचो ते कितीदाही बघितलं तरी जुनं व्हायचं नाही. आधी पिवळसर गोळ्यावर एक टोपी बसते. टोपी पसरत जाते. संध्याकाळपर्यंत तिथे पाठीचा वाक दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट हिसके देते आणि छातीच्या जागी एक नळी आकसते, सैल होते, पुन्हा आकसते. हृदय म्हणावं असं तिच्यात अजून काही नसतं, पण काम सुरू झालेलं असतं. मग पाठीच्या कण्याखालून लालसर कण एकामागोमाग धावू लागतात. पुढे दुपारच्या सुमारास त्या मुख्य वाहिनीतून बारीक फाटे वर चढताना दिसतात, पाठीच्या मांसाच्या दोन-दोन कप्प्यांच्या मधून, अगदी सारख्या अंतराने.

हे फाटे कसे होतात, हाच माझा प्रश्न होता. मी बघितलं होतं की रक्ताचे कण चढतात आणि वाहिनी दिसू लागते. त्यावरून मी लिहिलं की रक्त जोराने कप्प्यांच्या मधे घुसतं आणि आपली वाट करून घेतं. वहीत चाळीस पानं लिहिली. आकृत्या काढल्या, कोणता फाटा किती तासांनी आला त्याचे तक्ते केले. पहिली वीस पानं उतरवून नागपूरला पाठवली. उत्तर आलं ते पोस्टकार्डावर, एका ओळीचं: हे तुम्ही पाहिलं आहे की मानलं आहे?

मला राग आला. मी पाहिलंच होतं. पोस्टकार्ड फाडून टाकलं, पण ओळ काही फाटली नाही.

आता आमच्या लॅब अटेंडंटबद्दल सांगायला हवं. तो माझ्याच गावचा, रिठदकडच्या एका खेड्यातला. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. सातवी शिकलेला, घरी शेती, आणि कॉलेजात नोकरी. गावात त्याचं शेत नाल्याच्या वरच्या अंगाला आणि आमचं सगळ्यांत खालच्या. कॉलेजात मात्र मी वर होतो आणि तो खाली. त्यामुळे मला हाक कशी मारायची हा त्याच्यापुढे मोठाच प्रश्न होता. गावात माझ्या बापाला तो अरे-तुरे करायचा, मला नावानंही हाक मारायची गरज पडायची नाही. इथे सगळे मला सर म्हणत. सर म्हणायला त्याची जीभ वळेना आणि नाव घ्यायची सोय उरली नव्हती. शेवटी त्याने मधला भाव काढला. तो मला मास्तर म्हणू लागला. मी चालवून घेतलं.

काम तो चोख करायचा. बरण्यांचं पाणी बदलायचा, मेलेली अंडी ड्रॉपरने वेचून काढायचा. सुरुवातीला त्याला वाटलं होतं की मी मासोळ्यांवर खटला भरलाय.

"पेशी पेशी म्हनता दिवसभर," तो एकदा म्हणाला, "कवा हाय पेशी? अकोल्याले जा लागते का?"

त्याच्या घरचा बांधाचा दावा कोर्टात चालला होता, त्यामुळे पेशी म्हणजे तारीख एवढंच त्याला ठाऊक. मी त्याला समजावलं की विटांनी भिंत बनते तसं ज्याने अंग बनतं त्याला पेशी म्हणतात. तो म्हणाला, "मंग इट म्हना ना. उगाच मानसाचा जीव खाली-वर होते."

फाल्गुन लागला. ऊन चढलं होतं. मार्गदर्शक यायला आठ दिवस राहिले होते आणि माझ्याकडे त्यांना दाखवण्यासारखं तेच होतं जे त्यांनी पोस्टकार्डावर उडवून लावलं होतं. दुपारची वेळ. सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे करून मी बसलो होतो. अंड्यातला जीव सारखे हिसके द्यायचा, म्हणून त्याला भिजवलेल्या जवसाच्या बुळबुळीत पाण्यात ठेवायची युक्ती मी काढली होती. त्यात तो एका कुशीवर शांत पडून राहायचा. अटेंडंट काचा पुसत होता.

"काय पाहून राह्यले एवढं?" तो म्हणाला.

"या. बघा."

त्याने एक डोळा मिटला, म्हणजे अर्धा चेहराच मिटला, आणि दुसरा भिंगाला लावला.

"हे तं पाटाचं पानी हाय," तो म्हणाला.

"रक्त आहे ते. आणि हे वर चढतंय ना, ते आपली वाट करत चढतंय."

"काहून? वाट आदी नसंन का?"

"असती तर दिसली असती."

"कोरडा दांड कोनाले दिसते?" पाटातून वावरात पाणी नेणारी हातभर रुंदीची चारी असते, तिला आमच्याकडे दांड म्हणतात. "दुपारच्या उन्हात तं नाईच दिसत. सकायच्या तिरप्या उन्हात पाहा लागते मास्तर. तवा त्याच्या काठाची सावली पडते."

"हे वावर नाही."

"नसन. पन आमी दांड आदीच पाडून ठिवतो. पानी आल्यावर कोन खोदत बसते येड्यावानी?"

त्याने ते सहज म्हटलं होतं. पण त्या येड्यावानीवर माझं डोकं फिरलं, कारण पाणी आल्यावर येड्यासारखे खोदत बसणारे आम्हीच होतो.

नाल्याला मातीचा बांध घालून गावाने पाट काढला होता. पावसाळा सरला की त्या पाण्यावर गहू-हरभरा व्हायचा. पाणी आधी वरच्यांना. त्यांचं भिजून झालं, उरलं, आणि त्यांच्या मनात आलं तर खाली सुटायचं. कधी सुटणार ते कुणी सांगायचं नाही. वरून आरोळी यायची आणि माझा बाप फावडं घेऊन पळत सुटायचा. मी त्याच्या मागे. पाण्याचं तोंड काटक्या, पालापाचोळा, मुंग्या घेऊन पुढे सरकायचं आणि बाप त्याच्या दोन पावलं पुढे राहून खोदत जायचा. मी पायाने काठ दाबायचो. कधी कधी पाणीच आम्हाला गाठायचं आणि स्वतःच वाट काढायचं. पाणी आणि वाट एकदमच जन्मतात, असं माझ्या अंगात तेव्हाच बसलं असणार. हे आज सुचतंय. त्या दुपारी सुचलं नव्हतं.

त्या दुपारी मी म्हणालो, "तुमच्याकडे पाणी येणार हे ठरलेलं असायचं. आम्ही खोदत पळायचो तेव्हा बांधावर बसून हसत कोण होतं?"

"मी कवा हसलो?"

"तू नसशील. तुझा बाप हसायचा." मी पहिल्यांदाच त्याला तू म्हणालो.

"माह्या बापाले मधात आनू नका."

"का? पाणी अडवताना तो मधातच उभा राहायचा."

"मंग तुमी बी दांड पाडून ठिवाचा होता. कोनी धरलं होतं हात?"

"ठेवला होता," मी म्हणालो. माझा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला असणार, कारण तिथली कुजबुज थांबली. "एका वर्षी ठेवला होता. बापानं दोन दिवस खपून वावराच्या धुऱ्यापर्यंत दांड काढला. तुझा बाप आला आणि म्हणाला, काहून गा, पानी तुह्या बापाचं हाय का? आणि पायानं बुजवून गेला."

कोरडा दांड म्हणजे हक्क सांगणं होतं. आमच्या वावरात पाणी येणार आहे असं आम्ही आधीच धरून चालणं, हेच वरच्यांना खुपायचं. म्हणून त्यानंतर बापाने पुन्हा कधी आधी दांड काढला नाही.

अटेंडंट फडकं हातात धरून उभा राहिला. "हे मले माईत नव्हतं," तो म्हणाला.

"आता झालं."

"त्याच्यावर काय म्हनू मी? म्हातारा तं आता नाई." त्याने काच पुसायला घेतली, पुसली, उजेडाला धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पन दांड होता ना मास्तर. बुजवाले आदी दांड लागते."

मी वही उचलून फेकली. ती खिडकीतून बाहेर गेली. मी घरी निघून गेलो.

असं वाक्य कुणी बोलून जातं आणि ते आपल्याला कुठे लागलं हेच कळत नाही. घरी पोचेपर्यंत मी त्याला मनात शिव्या देत होतो. जेवताना लक्षात आलं की शिव्या संपल्या आहेत आणि मी दांडाचाच विचार करतोय. माझ्या बापाचा दांड होता. त्यात पाणी कधी आलं नाही, म्हणून तो नव्हता असं होत नाही. पाण्यावरून दांड ओळखायचा म्हटलं तर तो कुणाच्याच हिशेबात धरला जाणार नाही. आणि मी चाळीस पानांत दुसरं काय केलं होतं? रक्त दिसलं तिथे वाहिनी आहे म्हणालो, रक्त नव्हतं तिथे नाही म्हणालो. मी रक्त पाहिलं होतं. वाट मानली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कॉलेजात गेलो. आदल्या सकाळची अंडी चोवीस तासांची होत आली होती. अटेंडंट आधीच आला होता. वही टेबलावर होती, कोपरा चघळलेला.

"गाईनं धरली होती," तो म्हणाला. "मी सोडवली. पयलं पान गेलं."

"पहिलं तेवढं जाऊ द्या. बाकीचीही जाणार आहेत."

मी एक जीव जवसाच्या पाण्यात कुशीवर ठेवला. खिडकी पूर्वेची होती. आरसा सरळ न ठेवता इतका कलता केला की उजेड एकाच बाजूने यावा. काचेखालून उजेड येतो ते भोक काळ्या कागदाने अर्धं झाकलं. चित्र मळकं झालं. नेहमीची उजळ गोलाई गेली आणि तिच्या जागी खालीवर, उंचसखल असं काहीतरी दिसू लागलं, सकाळच्या उन्हातल्या नांगरलेल्या वावरासारखं. मांसाच्या कप्प्यांचे काठ उठून आले. मुख्य वाहिनीतलं रक्त धावत होतं. तिच्या वर, कप्प्यांच्या मधल्या खाचेत, मला काहीच दिसलं नाही. कागद थोडा सरकवला. काही नाही. आणखी थोडा. एका खाचेत केसाहून बारीक रेघ होती. मी श्वास धरला, कारण श्वासाने टेबल हलतं असं वाटत होतं. ती रेघ मुख्य वाहिनीपासून निघाली होती, अर्ध्या उंचीपर्यंत गेली होती, आणि वरच्या टोकाला तिला दोन-तीन बारीक बोटं होती. ती बोटं चाचपडत होती. आत रक्त नव्हतं. एकही कण नव्हता.

मी आनंदाने ओरडलो वगैरे नाही. मला आधी भीती वाटली की मी पुन्हा मानतोय. म्हणून उठलो आणि अटेंडंटला बसवलं. काय दिसलं, कुठे दिसलं, काही सांगितलं नाही. पाटीवर कप्प्यांची आकृती काढून दिली आणि म्हणालो, "काही दिसलं तर इथे खूण करा. नाही दिसलं तर नाही म्हणा."

त्याने अर्धा चेहरा मिटला. इतका वेळ बसला की मी दोनदा बरण्या पाहून आलो. मग त्याने पाटी घेतली आणि खडूने तीन खाचांत रेघा ओढल्या. एक माझी होती. दोन मी पाहिल्याच नव्हत्या.

"वर चढून राह्यले," तो म्हणाला. "पन कोरडे हायत."

मी पुन्हा बसलो. त्याच्या दोन्ही रेघा होत्या. आळीपाळीने आम्ही दुपारपर्यंत बसलो. बोटं वर सरकत गेली, पाठीच्या काठाला पोचली, शेजारच्याला जाऊन मिळाली. ते झाल्यावर बऱ्याच वेळाने खालून पहिला लालसर कण आत शिरला, अडखळला, मागे गेला, आणि पुन्हा चढला. वाट तयार होती. पेशींनी ती आधीच, रक्ताची वाट न बघता, पाडून ठेवली होती.

पुढचे सहा दिवस विभागाचं चांगलं भिंग मागून घेऊन आम्ही रोज तेच बघितलं आणि रोज तसंच होतं. मी चाळीस पानांवर काट मारली. आमच्यातली जुनी गोष्ट मिटली असं मी म्हणणार नाही. तो त्याबद्दल पुन्हा बोलला नाही, मीही नाही. फक्त त्याच्या बापाचा विषय निघाला की तो आधी माझ्याकडे बघायचा आणि मग बोलायचा. तेवढं पुरेसं नाही, पण काहीच नव्हतं त्यापेक्षा ते जास्त होतं.

मार्गदर्शक आले. पहिल्या दिवशी सकाळीच, परीक्षा सुरू व्हायच्या आधी, मी त्यांना खुर्चीत बसवलं.

"रक्त कुठे आहे?" ते भिंगाला डोळा लावून म्हणाले.

"खालच्या वाहिनीत. वर अजून यायचंय."

"मग वर हे काय आहे?"

"त्याची वाट."

त्यांनी भिंगावरून डोळा काढला नाही. बाहेर बी.एस्सी.ची पोरं फाडलेली झुरळं ट्रेमध्ये घेऊन ताटकळत होती. आमचे विभागप्रमुख दोनदा दाराशी येऊन घड्याळ दाखवून गेले. मार्गदर्शकांनी हातानेच थांबा म्हटलं. साडेअकराच्या सुमारास त्यांची पाठ एकदम ताठ झाली. मला कळलं की पहिला कण चढला.

"दुसरं दाखवा," ते म्हणाले. मी दुसरं दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी तीन मागितली आणि त्यातलं एक स्वतः निवडलं, माझ्या निवडीवर भरवसा नको म्हणून. मला ते आवडलं. मीही तेच केलं असतं.

"हे तिरप्या उजेडाचं कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगणार नाही, माझ्या मनात आलं होतं की मीच म्हणावं. नोंदणी माझी, डोळे माझे, जवस माझं. मग मी ट्रे उचलून चाललेल्या अटेंडंटकडे हात केला. "यांनी."

मार्गदर्शकांनी चष्मा वर केला. "तुम्ही? किती शिकलात?"

"सातवी, सायेब," तो म्हणाला. "पन वावर हाय."

संध्याकाळी मार्गदर्शकांना अकोल्याच्या गाडीला बसवायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. त्यांची पेटी अटेंडंटने घेतली होती. ते म्हणाले, मासोळी ठेवा. नोंदणी राहील. पण तुलनेसाठी कोंबडीवर एक प्रकरण लिहावं लागेल, आणि वर्षभरात प्रबंध हातात हवा.

"कोंबडीचं तुमचंच छापलेलं आहे," मी म्हणालो. "मी त्याचा आधार देईन. पुन्हा कशाला फोडायची?"

"बरं. पण एक वर्ष."

"दोन वर्षं लागतील. थंडीत त्या अंडी देत नाहीत."

"थंडी चार महिन्यांची असते."

"आणि दोन महिने परीक्षांचे. आणि चांगलं भिंग मला विभागात आठवड्यातून दोनच दिवस मिळतं."

"ते मी तुमच्या प्राचार्यांना लिहीन. चार दिवस मिळेल."

"मग पावणेदोन वर्षं."

ते गाडीत चढले. मला वाटलं चिडले. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "दीड," ते म्हणाले, "आणि पुढच्या महिन्यात आकृत्या पाठवा. या वेळी पाहिलेल्या."

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही उभे होतो.

"काय झालं?" अटेंडंटने विचारलं. पेटी वर टाकताना त्याला शेवटचं ऐकू आलं नव्हतं.

"दीड वर्ष मिळालं."

"दोन मांगाचे होते."

"मागितली होती."

"मंग तुमी आन कमी घेतलं?" त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "बाजारात तं भोयाले रडवता."

"भोई रोज असतो तिथे. ह्यांची गाडी सुटत होती."

तो हसला. कॉलेजकडे वळताना मी त्याला सांगितलं की उद्यापासून दोन बरण्यांत, बरणीच्या एका बाजूला नर आणि दुसऱ्या बाजूला मादी, असे वेगळे ठेवायचे आणि सकाळीच एकत्र सोडायचे, म्हणजे अंडी केव्हा पडली ते नेमकं कळेल. तो म्हणाला की मग मधे पडदा लागेल, आणि त्याच्या घरी मच्छरदाणीचा एक फाटका तुकडा आहे. मी विचारलं, किती मोठा. त्याने चालता चालता हात पसरून दाखवलं. मी म्हणालो, तेवढ्यात चार बरण्या होतील.